सुतळीचा ट्रे, चिंधीचा ट्रे

मनुबाईने अंगणात पत्र्याचं जुनं पिंप आडवं पाडलं आणि त्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडायला सुरुवात केली, तेव्हा येसाजी पडवीत बसून बिडी ओढत होता. पिंप त्याचं होतं. खिळा त्याचा होता. हातोडी तर त्याच्या बापाची होती. आणि यातलं काहीही घेताना नवऱ्याला विचारावं असं मनुबाईला वाटलं नव्हतं.

"आता पाणी कशात भरायचं?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या पिंपात."

"आन ह्याचं काय करतेस?"

"कोळसा."

"कोळसा? गॅस संपला काय?"

"बायोचार," मनुबाई म्हणाली. हा शब्द तिने इतक्या सफाईने उच्चारला की येसाजी बिडी ओढायची विसरला आणि ती विझली.

झालं होतं असं, की कृषी सहायक तेजस्वी मॅडम आंबेकोंडच्या बचत गटातल्या बायकांना म्हसळ्याला प्रशिक्षणाला घेऊन गेल्या होत्या. बाकीच्या बायका तिथून प्रमाणपत्र आणि वडापाव घेऊन परतल्या. मनुबाई मात्र डोक्यात पिंप घेऊन आली. करवंट्या, नारळाची सोडणं, वालाच्या काटक्या असं सगळं पिंपात ठासून भरायचं, वर झाकण घालायचं, आत हवा फार जाऊ द्यायची नाही आणि धुमसू द्यायचं. जे काळं उरेल ते कुटून मातीत मिसळायचं. त्या मातीत भाजीचं बी म्हणे लवकर रुजतं आणि रोपाची मुळी चांगली धरते.

"म्हंजे पोपटीच की," सगळं ऐकून येसाजी म्हणाला. थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा, ही पोपटी त्याला लहानपणापासून ठाऊक होती. "पोपटीतनं निदान शेंगा खायला मिळतात. तुज्या पिंपातनं काय निघायचं? काजळ?"

"निघंल ते बघा."

"आन आमचा राब काय वाईट हाय?"

 मनुबाईने हातोडी जरा जोरात मारली.

इथे येसाजीची बाजू सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला तो उगाच कुरकुरणारा माणूस वाटेल. तो कुरकुरणारा होताच, पण उगाच नव्हता. म्हसळ्याहून दिघीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या त्या वाडीत पेरणीआधी वाफ्याला राब द्यायची चाल पिढ्यानपिढ्यांची. शेण, पाला, गवत, काटक्या यांचे थर द्यायचे, वरून माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने आग लावायची. माती भाजते, तण मरतं, मग त्या राखेवर बी टाकायचं. थर सगळेच देत, पण काडी लावायला बोलावणं यायचं ते येसाजीला. त्याचा हात लागला की रोप उठतं, अशी वाडीची समजूत होती, आणि ती समजूत पसरवायला येसाजीने फारसे कष्ट घेतले नव्हते असं म्हणता येणार नाही. दिवाळीच्या तोंडावर भाजीचे वाफे तयार व्हायला लागले की तो धुतलेला सदरा घालून दारोदार फिरे. लोक पाट मांडत, चहा देत, आणि तो वाऱ्याकडे तोंड करून डोळे मिटे. वारा कुठून येतो हे पोरंसोरंही सांगतील, पण येसाजी डोळे मिटल्याशिवाय काडी ओढत नसे.

वांग्याची आणि मिरचीची "येसाजीची रोपं" खाडीपलीकडे आगरदांड्यापर्यंत प्रसिद्ध होती. घरच्या वाफ्याला काडी लावून येसाजी पडवीत जाऊन बसला की त्या रोपांना दोन वेळा पाणी घालणं, तण वेचणं आणि कोंबड्या हाकलणं हे सगळं मनुबाई करी. ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. येसाजीच्या तर नाहीच नाही.

पिंप पेटलं. धुराने सगळी वाडी खोकली. आणि संध्याकाळी शेजारची गोदूबाई काठी टेकत पडवीत आली. गोदूबाई आली की वाडीतली बातमी पडवीत यायची आणि पडवीतली वाडीत जायची.

"मनू," ती म्हणाली, "यंदा मिरचीला मी पन तुजं ते बायचार घालीन म्हंते."

येसाजी तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याच्या दोन्ही कानांत ते वाक्य गेलं. गेली कित्येक वर्षं गोदूबाईच्या मिरचीचा राब त्याने लावला होता. आत्ता तो समोर बसलेला असताना म्हातारीने मिरचीची गोष्ट त्याच्या बायकोपाशी काढली होती.

येसाजीला हेवा वाटला. दुसरा कुठलाही सभ्य शब्द त्याला लावता येणार नाही. शेजाऱ्याचा हेवा करण्यात निदान भिंत तरी मधे असते. इथे तर ज्या बाईचा हेवा वाटत होता तिनेच केलेली भाकरी तिच्याच हातून वाढून घ्यायची होती. त्या दिवशी त्याने भाकरी खाल्ली, पण कौतुक केलं नाही. एरवीही तो करत नसे, त्यामुळे मनुबाईला फरक कळला नाही.

*

तेजस्वी मॅडम स्कूटरवरून आल्या तेव्हा नवरा-बायकोत शब्दाला शब्द चालू होता. मॅडम तरुण होत्या आणि भांडणाचं प्रयोगात रूपांतर करायचं शिक्षण त्यांनी घेतलेलं होतं.

"काका, मावशी, वाद कशाला? आपण ट्रायल घेऊ," त्या म्हणाल्या आणि डिकीतून खणाखणांचे दोन काळे प्लॅस्टिकचे ट्रे काढले. "एका ट्रेत काकांच्या राबाची माती भरा. दुसऱ्यात मावशींच्या कोळशाची. वांग्याचं बी एकच, पेरायचा दिवस एकच. ज्याची रोपं चांगली होतील, त्या पद्धतीने यंदा गटाचे सगळे वाफे करू."

"सगळे?" येसाजीने विचारलं.

"सगळे."

येसाजीच्या डोळ्यांपुढे दिवाळी उभी राहिली. धुतलेला सदरा दांडीवर तसाच लोंबतोय, कुणी बोलवायला येत नाही, आणि वाडीभर पिंपं धुमसतायत.

"मावशी, कोळसा शेणकाल्यात भिजत घातलाय ना?" मॅडमनी विचारलं. "पंधरवडाभर मुरू द्यायचा. कोरा वापरायचा नाही."

"व्हय तर," मनुबाई अंगणातल्या कोंबडीकडे बघत म्हणाली.

माती भरल्यावर पंचाईत झाली. राबाची माती काळी. कोळशाची मातीही काळी. दोन्ही ट्रे शेजारी ठेवले तर ज्याने भरले त्यालाही ओळखता येईनात. शिवाय ट्रे रोज सकाळी उन्हात न्यायचे आणि संध्याकाळी पडवीतल्या बाकावर आणायचे, म्हणजे जागेचाही भरवसा नाही. शेवटी येसाजीने आपल्या ट्रेच्या कडेला सुतळी बांधली. मनुबाईने जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून आपल्या ट्रेला बांधली. सुतळीचा ट्रे येसाजीचा, चिंधीचा ट्रे मनुबाईचा.

"भांडू नका हं," असं सांगून मॅडम गेल्या.

ती दोघं भांडली नाहीत. त्याहून वाईट गोष्ट केली. दोघंही गप्प राहून ट्रेकडे बघू लागली. सकाळी मनुबाई चुलीपाशी जायच्या आधी बाकापाशी जाई. ती वळली की येसाजी जाई. माती बोटाने दाबून बघे, मग शेजारच्या ट्रेतलीही दाबून बघे, जरा जास्त जोरात. आपल्या ट्रेला नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधावी असं त्याच्या मनात आलं होतं, पण घरातलं लिंबू आणि मिरची दोन्ही मनुबाईच्या ताब्यात असल्यामुळे तो बेत राहिला.

आणि एका सकाळी चिंधीच्या ट्रेत हिरवे ठिपके दिसले. एक नाही, दोन नाही, जवळजवळ प्रत्येक खणात मान मोडून उभं राहिलेलं वांग्याचं पिल्लू. सुतळीच्या ट्रेत काळी माती होती आणि फक्त काळी माती होती.

"अगो बाई!" मनुबाई एवढंच म्हणाली. पण ते तिने अशा आवाजात म्हटलं की येसाजीने ट्रेकडे पाठ फिरवली.

"आधी उगवलं म्हंजे काय लय मोठं झालं न्हाय," तो म्हणाला.

"मी कुठं काय बोलले?"

"तुज्या तोंडावर दिसतंय."

"माज्या तोंडावर काय दिसतंय ते आज बघितलंत काय? इतकी वर्षं बघायला काय झालं होतं?"

दुपारी बचत गटाची बैठक होती. मनुबाई पदर खोचून निघून गेली. जाताना ती गुणगुणत होती. लग्नापासून येसाजीने तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि नेमकं आज ऐकलं.

तो पडवीत एकटा राहिला. समोर बाक, बाकावर दोन ट्रे. चोरी करायची असं त्याने ठरवलं नाही. तो नुसता उठला, नुसता बाकाजवळ गेला आणि सुतळी सैल झालीय की काय ते नुसतं बघू लागला. सुतळी सैल नव्हती. त्याने ती सोडल्यावर मात्र झाली. मग चिंधीही सोडावी लागली. मग दोन्ही पुन्हा बांधावी लागली, आणि बांधताना सुतळी उगवलेल्या ट्रेला बसली, चिंधी न उगवलेल्या. गाठी मात्र त्याने घट्ट मारल्या. जन्मभर बैलांची दावी बांधलेला माणूस गाठीत हयगय करत नाही.

मनुबाई परत आली तेव्हा तो खांबाला टेकून डोळे मिटून बसला होता. ती बाकापाशी थबकली. वाकली. चिंधीकडे बराच वेळ बघत राहिली.

"काय बघतेस?" येसाजीने एक डोळा उघडून विचारलं.

"काय न्हाय. सकाळी माजं उगवलं होतं असं वाटलं."

"तुला चष्मा लावायला पायजे."

"व्हय," मनुबाई म्हणाली, "लावायला पायजेच," आणि ती आत गेली. येसाजीला ते फार सोपं गेलं. इतकं सोपं गेलं की त्याला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं.

*

पुढचे काही दिवस येसाजीच्या आयुष्यातले उत्तम दिवस होते. गोदूबाई आली, सुतळीचा ट्रे बघितला आणि वाडीभर सांगत सुटली. खाडीपलीकडून नुरुद्दीन आला. हा आगरदांड्याचा गडी, कुवेतहून परतल्यावर घरामागे भाजीची वाडी करून बसलेला. दरवर्षी तो वांग्याची रोपं न्यायला खाडी ओलांडून येसाजीकडे येई.

"माशाअल्ला!" सुतळीचा ट्रे बघून तो म्हणाला. "येसाजीभाय, तुझा हात म्हंजे हात हाय. भाबी, तुमचं काय झालं? तुमचा कोळसा झोपला काय?"

"झोपला," मनुबाई चहा देत म्हणाली. "उठंल."

"अगं, उठायला रक्त लागतं रक्त," येसाजी म्हणाला. "राबाला बापजाद्यांची पुण्याई लागते. पिंपाला भोकं पाडून रोपं येत न्हाईत." हे बोलताना आपण ज्या रोपांवर हात ठेवलाय ती पिंपाच्या कोळशातच उगवली आहेत, हे तो साफ विसरला होता. खोटं बोलणाऱ्यांमध्ये येसाजीचा दर्जा वरचा होता. तो आधी स्वतःला फसवी, मग गावाला.

पण रोपांना कुणी सांगितलं नव्हतं, की सुतळी बांधलीय म्हणून थाटात वागा. सुतळीच्या ट्रेतली रोपं दोन पानांवर आली आणि तिथेच थांबली. मग त्यांचा हिरवा रंग फिका झाला. मग पिवळा झाला. इकडे चिंधीच्या ट्रेत उशिरा उगवलेली रोपं अशी काही भराभर चढू लागली की रोज सकाळी नवं पान. देठ जाड, पान गडद, आणि पानावर वांग्याची ती जांभळी शीर.

येसाजीच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण लक्षात घ्यायचं नव्हतं. पण एका सकाळी दात घासताना त्याला कळलं, आणि त्याने मंजन गिळलं. ती गडद हिरवी रोपं राबाची होती. त्याच्या राबाची! त्याचा हात, त्याची काडी, त्याचा वारा. राब जिंकत होता, बापजाद्यांचं खरं होत होतं, आणि त्याच्यावर मनुबाईच्या लुगड्याची चिंधी होती. ती त्याने स्वतः बांधली होती. दाव्याच्या गाठीने.

"भाबी," पुन्हा आलेला नुरुद्दीन चिंधीच्या ट्रेवर वाकून म्हणाला, "कमाल केलीत. यंदा माझी रोपं तुमच्याकडची. येसाजीभाय, वाईट नको वाटून घेऊ, पन तुझी तर कावीळ झाल्यासारखी दिसतात."

येसाजीने तोंड उघडलं. ते माझं आहे, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं. त्याने तोंड मिटलं.

आधी त्याला बायकोच्या यशाचा हेवा वाटत होता. आता स्वतःच्याच यशाचा वाटू लागला, कारण ते बायकोकडे होतं. असा हेवा वाडीत आजवर कुणी केला नसेल. त्याने पिवळ्या रोपांना लपूनछपून चहाचं पाणी घातलं, तांदळाचं धुवण घातलं, एकदा तर समजुतीच्या चार गोष्टीही सांगितल्या. रोपं आणखी पिवळी पडली. गोदूबाई येऊन सुस्कारे टाकू लागली. येसाजीचं जेवण कमी झालं. रविवारी मनुबाईने चुलीवर सुके बोंबील भाजले, तेव्हाही तो "नको" म्हणाला. मनुबाईच्या हातातला चिमटा थांबला. बोंबलाला येसाजी नाही म्हणतो, म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

"कुठं दुखतंय काय?" तिने विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"उद्या मॅडम येणार ना?"

"येणार."

येसाजी भिंतीकडे तोंड करून बसला.

उपाय एकच होता. गाठी पुन्हा सोडायच्या, सुतळी हिरव्या ट्रेला आणायची. ही काही चोरी नव्हे, आपलंच आपल्याकडे आणणं, असं त्याने मनाला पटवलं. पण दुपारभर गोदूबाई बाकावर ठाण मांडून बसली. ती गेली तर मनुबाईने त्याला गाय आणायला पाठवलं. गाय आणून, बांधून, हातपाय धुऊन तो पडवीत येतो तोच तिन्हीसांजेला लाईट गेली.

"मी चिमणी बघते," मनुबाई आतून म्हणाली.

देवानेच लाईट घालवली असं येसाजीला वाटलं. तो चाचपडत बाकापाशी गेला. अंधारात पिवळं काय आणि हिरवं काय, पण सुतळी ज्या ट्रेला आहे तो पिवळा, एवढं त्याला पाठ होतं. सुतळी बोटाला लागली. सोडली. चिंधी बोटाला लागली. सोडली. इकडची तिकडे, तिकडची इकडे. आतून चिमणीचा उजेड हलला तेव्हा तो खांबाला टेकून बसलेला होता.

"बोंबील उरलेत काय गो?" त्याने विचारलं.

*

सकाळी तेजस्वी मॅडम आल्या. त्यांच्यामागोमाग बचत गटाच्या बायका आल्या, काठी टेकत गोदूबाई आली, आणि आज निकाल आहे म्हणून मुद्दाम पहिली फेरीबोट पकडून नुरुद्दीनही आला. येसाजीने धुतलेला सदरा घातला होता. तो ट्रेकडे बघत नव्हता. खात्री असलेला माणूस बघत नाही.

मॅडमनी रात्री अंधारातच ट्रेंवर टाकलेली ओली गोणपाटं बाजूला केली. "अरे वा! फरक तर स्पष्ट आहे. हिरवा ट्रे... चिंधीचा. म्हणजे मावशींचा. आणि पिवळा सुतळीचा. काका, सॉरी."

"आं?" येसाजी गर्रकन वळला. पिवळ्या ट्रेला सुतळी होती. "हे असं कसं? मी तर काल..."

तो थांबला. पण त्याच क्षणी शेजारून मनुबाईही ओरडली होती, "अवो, मी तर काल..."

तीही थांबली. 

"काल काय?" मॅडमनी विचारलं.

 गोदूबाईने काठी आपटली. "बोला की गो! मी काय रोज रोज इतकी सकाळी उठून येणार हाय?"

"काल ह्यांना गाय आणायला पाठवलं," मनुबाई म्हणाली, "आन मी गाठी सोडून बरोबर केलं. सुतळी हिरव्याला, चिंधी पिवळ्याला. जसं पहिल्या दिवशी होतं तसं."

"म्हणजे मधे कुणीतरी बदललं होतं?"

मनुबाईने नवऱ्याकडे बघितलं. बायकांनी बघितलं. नुरुद्दीनने बघितलं. येसाजी सदऱ्याच्या गुंड्या मोजू लागला.

"तुला... तुला कवापासनं म्हाईत हाय?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"त्याच दुपारपासनं. माज्या चिंधीला दाव्याची गाठ. मी काय ट्रेला बैल समजते?"

"मग तवाच बोलली का न्हाईस?"

"बघत होते, कुठवर जाताय ते. मला वाटलं दोन दिवसांत आपनच सांगाल. तुमी तर बापजाद्यांची पुण्याई सांगायला लागला." बायका खुसखुसल्या. मनुबाईचा आवाज जरा बदलला. "मग तुमचं हिरवं झालं आन माजं पिवळं. लोक माजं कौतुक करायला लागले. पयल्यांदा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं. पन ते काय माजं न्हवतं. आन तुमी बोंबील सोडलेत, ते मला बघवंना. म्हटलं, ज्याचं त्याला देऊन टाकावं. पिवळी तर पिवळी, पन माजी."

"आन तू दिलेलं मी परत बदललं," येसाजी पुटपुटला.

नुरुद्दीन बोटांवर हिशेब करत होता. "थांबा थांबा. एकदा तू बदललं. मग भाबीने बदललं. मग परत तू बदललं." त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे येसाजीभाय, तुझी चोरी फिरून पयल्या जागी आली!"

पडवी हसण्याने भरली. मॅडम मात्र कामाच्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही ट्रेतून एकेक रोप मातीसकट उपसलं आणि माती बोटांत चोळली. पिवळ्या रोपाच्या मुळाशी कोळशाचे टणक खडे होते. हिरव्याच्या मुळाशी भाजलेल्या मातीची मऊ राख.

"मावशी खरं सांगतायत," त्या म्हणाल्या. "हिरवा ट्रे राबाचा. काका, तुम्ही जिंकलात."

या वाक्यासाठी येसाजी एवढे दिवस जळला होता. ते वाक्य आलं तेव्हा त्याला मान वर करता येईना. गोदूबाई मोठ्याने म्हणाली, "जिंकला कोन म्हनलीस? ऐकू न्हाय आलं," आणि तिला ऐकू आलेलं होतं.

"पण हा कोळसा असा कसा वागला?" मॅडम खडे हातात फिरवत म्हणाल्या. "कोरा कोळसा मातीतलं खत आधी स्वतःच खाऊन बसतो, मग रोपाला काही उरत नाही. म्हणून तर भिजवायचा. मावशी, शेणकाल्यात पंधरवडा ठेवला होता ना?"

मनुबाई अंगणात कोंबडी शोधू लागली. नेमकी आज एकही नव्हती.

"मावशी?"

"पंधरवडा कोन थांबतं?" मनुबाई एकदम म्हणाली. "ह्यांचा राब लावून तयार. मी थांबले असते तर ह्यांनी तेवढ्यात ट्रायल सोडून वाफ्यात आपलं बी टाकलं असतं. ह्यांचं आधी उगवलं असतं!"

येसाजीने मान वर केली. एवढ्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं. तो मनुबाईकडे अशा नजरेने बघू लागला, जशी माणसं परगावात आपल्या गावचा माणूस भेटल्यावर बघतात.

"तुला पन?" तो म्हणाला.

"मग काय सगळं तुमालाच वाटणार?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. ही ट्रायल धरता येणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पिवळ्या रोपांना शेणकाल्याचं निवळ पाणी द्यायचं, दोन्ही ट्रे आहेत तिथेच ठेवायचे, सुतळी सुतळीच्या जागी, चिंधी चिंधीच्या जागी, आणि दिवाळी झाली की त्या परत येतील. तोवर गटाचे वाफे थांबतील. जाताना त्यांनी स्वतः सुतळी हिरव्या ट्रेला बांधली आणि चिंधी पिवळ्याला, आणि दोघांकडे असं बघितलं जसं शाळेत बघतात.

वाडीत व्हायचं तेच झालं. राब जिंकला हे लोक दोन दिवसांत विसरले. पण मनुबाईने आपल्या नावावरचं हिरवं रोप नवऱ्याला परत दिलं, हे गोदूबाईने दिघीपर्यंत पोचवलं. "मन मोठं हो मनूचं," असं जो तो म्हणे. येसाजीला त्याचाही हेवा वाटला. आपणही काहीतरी परत द्यावं असं त्याला फार वाटे, पण देण्यासारखं एक पिंपच होतं आणि त्याला आधीच भोकं पडलेली होती.

शेणकाल्याचं पाणी मात्र लागू पडलं. चिंधीच्या ट्रेतला पिवळेपणा आधी पानांच्या शिरांवरून सरला, मग कडांवरून. मग ती रोपं उठली. दिवाळीचे कंदील उतरले तोवर ती सुतळीच्या ट्रेच्या बरोबरीला आली, आणि मॅडम यायच्या आदल्या सकाळी येसाजी बाकापाशी उभा राहिला तेव्हा ती चक्क बोटभर वर गेली होती. देठ जाड, पान गडद. येसाजीने एक रोप हळूच हलवून बघितलं. मुळीने माती अशी धरली होती की खण सोडायला तयार नाही.

त्याने मागे बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. चुलीपाशी भांड्यांचा आवाज येत होता.

मी काही करणार नाही, असं येसाजीने स्वतःला बजावलं. तो नुसता जरा वाकला. सुतळी सैल झालीय की काय ते बघितलं. मग ती सोडली. मग चिंधीच्या गाठीवर बोटं ठेवली, आणि ती सरकेना. त्याने ओढून बघितलं. चिंधी ट्रेसकट वर आली. त्याने डोळ्यांजवळ धरून बघितलं तेव्हा दिसलं, की तिथे गाठ नव्हतीच. मनुबाईने ट्रेच्या कडेच्या भोकातून दाभण घालून, पोती शिवायच्या दोऱ्याने, चिंधी चारी बाजूंनी शिवून टाकली होती. टाके बारीक आणि एकसारखे होते.

"चहा ठेवलाय," आतून मनुबाईचा आवाज आला. "सुतळी परत बांधून झाली की या."